त्वचेपुरते औषध : कॅलेंडुलाविषयीच्या पुस्तकाची प्रस्तावना

महाराष्ट्रात कॅलेंडुलाची बाटली ओळखीची आहे, फूल मात्र अनोळखी. मुलाचा गुडघा खरचटला, दाढ काढून आणली, नव्या चपलेने टाच सोलवटली की कपाटातली ती तपकिरी बाटली बाहेर येते. 'कॅलेंडुला क्यू' हे शब्द होमिओपॅथीवर विश्वास नसलेल्या घरांतही ऐकू येतात. पण हे औषध ज्या फुलापासून होते ते बागेत दाखवा म्हटले तर बहुतेक लोक झेंडूकडे बोट करतील. थंडीतल्या पुष्पप्रदर्शनात पिटुनिया आणि पॅन्झीच्या शेजारी कॅलेंडुलाची कुंडी ठेवलेली असते, तिच्यासमोरून 'हा बुटका झेंडू छान आहे' म्हणत माणसे पुढे सरकतात. या फुलावर मराठीत एक सबंध पुस्तक लिहावेसे लेखिकेला वाटले आणि त्याची प्रस्तावना लिहायला तिने मला सांगितले, याचा मला आनंद आहे. वनौषधींचा विषय बरीच वर्षे शिकवल्यामुळे या फुलाविषयी माझी काही ठाम मते झाली आहेत. ती सगळी लेखिकेला पटतात असे नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

पहिले मत झेंडूविषयीच. झेंडू आणि कॅलेंडुला एकाच सूर्यफूल कुळातले, पण नाते त्यापुढे फारसे जात नाही. झेंडू मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा, कॅलेंडुला भूमध्य सागराच्या आसपासच्या प्रदेशातला. झेंडूचे पान कातरलेले आणि चुरगाळले की उग्र वासाचे. कॅलेंडुलाचे पान अखंड, लांबट, बारीक लव असलेले आणि हाताला किंचित चिकट. दोन्ही झाडे शेजारी ठेवली तर शाळकरी मुलालाही फरक कळतो. घोटाळा होतो तो इंग्रजीत दोघांनाही मेरीगोल्ड म्हणत असल्यामुळे, आणि क्रीमच्या वेष्टनावर तेवढेच छापलेले असल्यामुळे. हा घोटाळा निरुपद्रवी नाही. झेंडूत थायोफीन वर्गातली द्रव्ये असतात. आपले शेतकरी टोमॅटोच्या प्लॉटमध्ये सूत्रकृमींसाठी झेंडू लावतात तो याच द्रव्यांच्या भरवशावर. तीच द्रव्ये त्वचेवर राहिली आणि वर ऊन पडले तर त्वचा भाजल्यासारखी लाल होऊ शकते. म्हणूनच युरोपीय संघाने २०१८ मध्ये सौंदर्यप्रसाधनांतल्या झेंडूच्या अर्कांवर कडक मर्यादा घातल्या. त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत काही जातींचा अर्क ०.०१ टक्क्यापर्यंतच चालतो, आणि उन्हापासून संरक्षणासाठी लावायच्या क्रीममध्ये तो अजिबात चालत नाही. कॅलेंडुलावर अशी बंदी नाही. दसऱ्याला उरलेले झेंडू तेलात बुडवून 'घरगुती कॅलेंडुला तेल' करणारे लोक मी पाहिले आहेत. त्या तेलात कॅलेंडुला नसते, बाजारातल्या फुलांवर फवारलेले कीटकनाशक मात्र असू शकते. डबीवर 'कॅलेंडुला ऑफिसिनॅलिस' ही दोन्ही नावे लिहिलेली असतील तरच ती उचलावी. 'टॅजेटिस' लिहिले असेल तर तो झेंडू.

या फुलाच्या पूर्वेतिहासावर लेखिकेने एक सबंध प्रकरण खर्च केले आहे, त्यामुळे इथे थोडक्यातच लिहितो. बाराव्या शतकातली जर्मन मठाधिपती हिल्डेगार्ड हिच्या औषधविषयक ग्रंथात ते येते. जॉन जेरार्डच्या १५९७ च्या वनस्पतीकोशात एक मजेशीर नोंद आहे : वाळवलेल्या पाकळ्या दुकानांत पिंपे भरभरून ठेवलेल्या असत आणि त्या सूपमध्ये घालायला लोक विकत नेत. म्हणजे हे फूल आधी स्वयंपाकघरातले, लोण्याला आणि चीजला रंग देणारे, गरिबाचे केशर. आणि केशरात भेसळ करायलाही व्यापाऱ्यांनी याच पाकळ्या वापरल्या, हे ओघाने आलेच. लिनियसने १७५३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले तेव्हा त्यात 'ऑफिसिनॅलिस' हा शब्द घातला. औषधी दुकानात ठेवली जाणारी वनस्पती, एवढाच त्याचा अर्थ. चरक-सुश्रुतांच्या परंपरेतली ही वनस्पती नव्हे. आजकाल तिच्या जाहिरातीत आयुर्वेदाचे नाव ओढून आणतात त्याची काही गरज नाही. जखमेसाठी आपल्याकडे आपले पाले आहेत. शेतात विळा लागला की तळहातावर चोळून ज्याचा रस पिळतात तो दगडी पाला तर कॅलेंडुलाच्याच कुळातला.

युरोपातल्या शेतकरी बायका कॅलेंडुलाचे मलम डुकराच्या चरबीत करत. चरबी मंद आचेवर वितळवायची, त्यात मूठमूठ फुले टाकायची, रात्रभर तशीच ठेवायची, सकाळी पुन्हा वितळवून फडक्यातून गाळायची. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात हे मलम अजून होते, फक्त चरबीच्या जागी आता वनस्पती तेल आणि मेण आले आहे. हा प्रकार मी वर्गात नेहमी सांगत असे. कारण त्या बायकांना रसायनशास्त्र ठाऊक नसले तरी माध्यम त्यांनी बरोबर निवडले होते. कॅलेंडुलाचा दाह कमी करणारा मुख्य गुण ज्या द्रव्यांत आहे ती फॅराडिऑल नावाच्या ट्रायटर्पीनची संयुगे. ही स्निग्ध पदार्थात विरघळतात, पाण्यात जवळपास नाही. १९९४ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी उंदरांच्या कानावर मुद्दाम सूज आणून अर्काचे निरनिराळे भाग लावून पाहिले, तेव्हा सूज उतरवण्याचे बरेचसे श्रेय याच संयुगांकडे गेले. फुलात इतरही पुष्कळ आहे : फ्लेव्होनॉइड, शर्करेच्या लांब साखळ्या, सॅपोनिन, आणि तो भगवा रंग देणारी कॅरोटिनॉइड. पैकी फ्लेव्होनॉइड आणि शर्करासाखळ्या पाण्यात उतरतात. त्यामुळे फुलांचा काढा करून चूळ भरली तर घशाला बरे वाटेल, पण तोच काढा गार करून सुजलेल्या त्वचेवर लावला आणि मलमाइतका गुण मागितला तर तो मिळणार नाही. हवे असलेले द्रव्य गाळणीत, चोथ्यातच राहून गेलेले असते.

इथे एक बारीक गोष्ट. आपण ज्याला कॅलेंडुलाची पाकळी म्हणतो ती प्रत्येक पाकळी म्हणजे एक स्वतंत्र फूल. मधल्या चकतीत आणखी बारीक फुले दाटीने बसलेली असतात, आणि खाली हिरवा भाग. फॅराडिऑलची संयुगे कडेच्या लांब पाकळ्यांत सर्वांत जास्त, मधल्या चकतीत त्याच्या कितीतरी कमी आणि खालच्या हिरव्या भागात नाममात्र. युरोपीय औषधकोशाने म्हणूनच औषधासाठी देठ-बैठक काढून टाकलेल्या सुट्या पाकळ्या मागितल्या आहेत, आणि त्यांतही फ्लेव्होनॉइड किमान ०.४ टक्के असावेत अशी अट घातली आहे. घरगुती मलमे करणारे मात्र अख्खे फूल टाका म्हणतात, कारण तोडताना बोटांना लागणारा चिकट राळेसारखा पदार्थ त्या हिरव्या भागावरच असतो आणि 'चिकट म्हणजे गुणकारी' अशी समजूत आहे. लेखिका याच मताची. मी सुट्या पाकळ्यांच्या बाजूचा. मात्र अख्खी फुले वापरणाऱ्यांचे काही बिघडत नाही, त्यांना तेल थोडे फिके मिळते इतकेच. त्यातल्या त्यात एक धोका खरा : तो हिरवा भाग जाड असतो, लवकर वाळत नाही, आणि आत ओल राहिली की बाटलीत बुरशी येते.

आता आपली तपकिरी बाटली. तिच्यावरचा 'क्यू' म्हणजे मदर टिंक्चर. होमिओपॅथीतल्या अतिसूक्ष्म मात्रांवरून जो वाद चालतो तो मदर टिंक्चरला लागू होत नाही. ३० किंवा २०० अशा आकड्यांच्या गोळ्यांत मूळ वनस्पती उरत नाही, टिंक्चर म्हणजे मात्र सरळसरळ अल्कोहोलमध्ये उतरवलेला अर्क. त्याचा वास घेतला तरी फूल कळते. पण अल्कोहोलही त्यात भरपूर असते. ते थेट उघड्या खरचटलेल्या कातडीवर ओतल्यावर मूल किंचाळते, आणि आया 'चुरचुरते म्हणजे लागू पडतेय' अशी समजूत घालतात. चुरचुरते ते अल्कोहोलने. उकळून गार केलेल्या पाण्यात एकास दहा या प्रमाणात मिसळून वापरले तर काम होते आणि मूल पुढच्या वेळी पळून जात नाही.

कॅलेंडुलाचा माणसांवर कितपत अभ्यास झाला आहे, हा या पुस्तकातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. सगळ्यांत जास्त सांगितली जाते ती फ्रान्समधली २००४ ची चाचणी. स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया होऊन किरणोपचार घेणाऱ्या २५४ स्त्रियांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाने कॅलेंडुलाचे मलम लावले, दुसऱ्याने तिकडे सर्रास दिले जाणारे ट्रोलामाइनचे. किरणांमुळे त्वचेचा मध्यम किंवा तीव्र दाह कॅलेंडुलाच्या गटात ४१ टक्के स्त्रियांना झाला, दुसऱ्या गटात ६३ टक्के स्त्रियांना. फरक मोठा आहे आणि प्रत्येक क्रीमच्या जाहिरातीत तो आडून-आडून येतोच. जाहिरातीत न येणारी गोष्ट ही, की पुढे २०१३ मध्ये स्वीडनमधल्या चारशेहून अधिक स्त्रियांवरच्या अशाच चाचणीत कॅलेंडुलाचे क्रीम आणि साधे, कुठलेही औषध नसलेले क्रीम यांत फरक आढळला नाही. इराणमध्ये ६६ बाळांच्या लंगोटाच्या जागी उठणाऱ्या पुरळावर कोरफड आणि कॅलेंडुला यांची तुलना झाली आणि कॅलेंडुला सरस ठरले. पण नुसते साधे मलम लावलेला तिसरा गट तिथे नव्हता. त्यामुळे गुण किती फुलाचा, आणि किती कोरड्या-ओल्याची नीट काळजी घेतल्याचा, हे त्या आकड्यांतून निघत नाही.

यावरून कॅलेंडुला निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी माझे जमत नाही, आणि ते चमत्कार करते म्हणणाऱ्यांशी तर मुळीच नाही. युरोपीय औषध संस्थेने त्याला जे स्थान दिले आहे ते मला योग्य वाटते : त्वचेचा सौम्य दाह, उन्हाने भाजलेली कातडी, किरकोळ जखमा, तोंड आणि घशाची साधी जळजळ. आणि तेही 'पारंपरिक वापरावर आधारित' असे स्पष्ट लिहून. अशा दुखण्यांत माणूस बहुधा आपोआपच बरा होणार असतो. फूल त्या चार-आठ दिवसांत आग कमी करते, कातडी मऊ ठेवते, खाज शमवते. हे काही थोडे नव्हे. भाजलेल्या जागी शतधौत घृत लावणाऱ्या आपल्या आज्यांना एवढाच आराम हवा असे.

म्हणून लेखिकेने 'कुठे लावू नये' हे प्रकरण 'कुठे लावावे' याच्या आधी घातले, याबद्दल तिचे कौतुक. खोल जखम, कुत्र्या-मांजराचा चावा, गंजक्या पत्र्याने कापलेले, पू झालेले, फोड आलेले मोठे भाजणे : इथे कॅलेंडुलाचे काम नाही. जखम आधी वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवायची, धनुर्वाताचे इंजेक्शन लागत असेल तर घ्यायचे, कुत्र्याच्या चाव्यावर रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करायची. मधुमेह्याच्या पायाला पडलेल्या भेगेला तर घरच्या मलमाचा हातही लावू नये. वरून कातडी बरी दिसते आणि आत जे चाललेले असते ते रोग्याला जाणवत नाही, कारण पायाची संवेदनाच गेलेली असते. गरोदर बाईने कॅलेंडुलाचा चहा किंवा अर्क पोटात घेऊ नये.

आणखी एक इशारा खास आपल्यासाठी. गाजरगवत, म्हणजे काँग्रेस गवत, विसाव्या शतकाच्या मध्यावर पुण्यात प्रथम नोंदले गेले आणि तिथून देशभर पसरले. शेतात खुरपणी करणाऱ्या किती जणांच्या मानेची, पापण्यांची, कोपराच्या आतल्या बाजूची कातडी त्याने जाड आणि काळी पडली, हे खेड्यातल्या कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाला विचारावे. गाजरगवत सूर्यफूल कुळातलेच. ज्याला त्याची ॲलर्जी जडली आहे, किंवा शेवंती हाताळून ज्याच्या हाताला खाज सुटते, त्याला कॅलेंडुलाचाही त्रास होऊ शकतो. 'नैसर्गिक आहे, काय होणार?' असे म्हणणाऱ्याला गाजरगवतही नैसर्गिकच आहे एवढे सांगावे. नवीन मलम कोपराच्या आतल्या बाजूला नखाएवढे लावून दोन दिवस वाट पाहणे हा साधा उपाय, आणि ज्यांना आधीपासून गाजरगवताचा त्रास आहे त्यांनी तोही न करता दूर राहणे बरे.

सौंदर्यप्रसाधनांचा भाग मी भुवया उंचावून वाचायला घेतला, आणि अर्धाअधिक पटला. साबण करणाऱ्यांमध्ये कॅलेंडुला लाडके असते, त्याचे कारण औषधी नाही. साबणाच्या ताज्या मिश्रणात कॉस्टिक सोडा असतो. त्यात गुलाबाची पाकळी घातली की ती मळकट तपकिरी पडते, कारण तिचा रंग क्षाराने बदलणारा. कॅलेंडुलाचा भगवा रंग कॅरोटिनॉइडचा, तो क्षारात टिकतो, आणि वडी कापली की आतल्या पाकळ्या आहेत तशाच दिसतात. अशा वडीने तोंड धुतल्यावर पाकळीतले औषध त्वचेत जाते असे कोणी म्हणत असेल तर ते सोडून द्यावे. साबण दोन मिनिटांत पाण्याबरोबर वाहून जातो. क्रीमचे तसे नाही, ते त्वचेवर राहते. तिथे अर्क किती आहे हा प्रश्न खरा. घटकांच्या यादीत प्रमाणाप्रमाणे उतरता क्रम असतो. पहिल्या पाच-सहा नावांत कॅलेंडुला दिसले तर बोलायचे, सुगंधाच्या आणि टिकाऊपणासाठीच्या द्रव्यांच्या खाली कुठेतरी असेल तर वेष्टनावरच्या फुलाच्या चित्रापलीकडे डबीत फारसे काही नाही. सुरकुत्या जातात, वय मागे येते, या दाव्यांबद्दल लेखिका विनाकारण सौम्य बोलली आहे. मला ते दावे पोकळ वाटतात. आणि कॅलेंडुलाचे तेल उन्हापासून वाचवते ही समाजमाध्यमांवरची समजूत धोक्याची आहे. उन्हाने भाजल्यानंतर ते लावावे, उन्हात जाण्यापूर्वी त्याच्या भरवशावर बाहेर पडू नये.

घरी तेल करणाऱ्यांसाठी कृती पुस्तकात सविस्तर आहे. मी फक्त एकाच गोष्टीवर जोर देतो, कारण बहुतेकांचे तेल तिथेच बिघडते. फुले पूर्ण वाळलेली हवीत. पाकळी बोटांत चुरल्यावर तिचा चुरा व्हायला हवा, ती वाकली तर अजून ओल आहे. दहा-साडेदहाला दव उडाल्यावर तोडावीत, सावलीत सुती कापडावर एका थरात पसरावीत, आणि दिवसातून एकदा हलवावीत. उन्हात वाळवली की रंग उडतो. ताजी फुले तेलात टाकणाऱ्यांना चार-पाच दिवसांत तेलाच्या तळाशी पाण्याचे थेंब आणि वर फेस दिसतो. ते तेल सरळ टाकून द्यावे, गाळून वापरू नये. तिळाचे तेल उत्तम. खोबरेल थंडीत गोठते, पण कोकणात चालते. पाच भाग तेलाला एक भाग मधमाशीचे मेण घेतले की बोटाने निघेल असे मलम होते. या मलमात पाण्याचा अंशही नसतो म्हणून ते वर्षभर टिकते. त्यातच गुलाबपाणी किंवा कोरफडीचा गर फेटून 'क्रीम' करायची हौस आली की जंतूंची सोय झालीच. पाणी आले की टिकाऊपणाचे द्रव्य आलेच पाहिजे. जीवनसत्त्व ई हे त्या कामाचे नाही. ते तेलाला खवटपणापासून वाचवते, जंतूंपासून नाही.

झाड लावणे त्या मानाने सोपे. आपल्याकडे बी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, साधारण दोन महिन्यांत फूल येते आणि मार्चचे ऊन लागेपर्यंत चालते. एप्रिलमध्ये झाड आपणहून संपते. दर दोन-तीन दिवसांनी फुले तोडत राहिले तरच नवी येतात. एकदा बी धरू दिले की झाड सुस्तावते. थंडी संपताना मावा आणि भुरी येतात, दोन्ही दाटीने लावलेल्या कुंड्यांत जास्त. शेवटची काही फुले बियांसाठी राखावीत आणि वाळलेले बोंड उघडून जरा पाहावे : एकाच बोंडात तीन तऱ्हेचे बी असते. बाहेरचे लांब, चोचीचे आणि पाठीवर काटे असलेले, मधले होडीच्या आकाराचे रुंद, आणि आतले अळीसारखे गोल वळलेले. तिन्ही उगवतात. नर्सरीत 'पॅसिफिक ब्यूटी' सहज मिळते, ती शोभेला उत्तम. औषधासाठी 'एर्फुर्टर ऑरेंज' किंवा 'रेझिना' या जाती घेणे चांगले, पण त्यांचे बी बाहेरून मागवावे लागते. पिवळी आणि गर्द भगवी जात शेजारी लावली तर मधमाशा दोन्हींचे पराग मिसळतात. तेव्हा घरचे बी धरायचे असेल तर त्या वर्षी एकच जात लावावी.